प्राट सॉफ्टवेअर: फुकट आहे, भारी आहे, पण आकडा दिला की लगेच खरा मानू नका

ज्यांना बोलीतले आवाज मोजायचेत त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी पुढं स्क्रोल करा.

प्राट हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं, बोलण्याचा आवाज मोजायचं सॉफ्टवेअर. एक पैसा लागत नाही, विंडोजवर इन्स्टॉल पण करायचं नाही, झिप उघडली की चालू. सांगलीत घरच्या जुनाट लॅपटॉपवर कधी अडकलं नाही. दिसायला मात्र अगदीच जुन्या काळातलं, उघडलं की दोन खिडक्या येतात आणि त्यातली पिक्चरवाली पहिल्यांदा सगळेच बंद करतात.

मला ते लागलं धोलुओच्या स्वरांसाठी. केनियाच्या पश्चिमेला व्हिक्टोरिया सरोवराच्या कडेनं आणि खाली टांझानियाच्या उत्तर टोकाला लुओ लोक बोलतात ती भाषा. मोठ्या बोली दोन, ट्रान्स-याला आणि साउथ न्यांझा. लिहिताना स्वरांना अक्षरं पाचच, पण तोंडात स्वर नऊ, म्हणजे आपण चहाचा च आणि चाकाचा च एकाच अक्षरात उरकतो तसला प्रकार. फरक कुठंय तर जिभेच्या मुळात. मूळ पुढं सरकलं की घशातली जागा वाढते आणि पहिला फॉर्मंट, म्हणजे एफ१, खाली येतो (फॉर्मंट म्हणजे तोंडा-घशाच्या पोकळीत घुमून जोर धरणारी कंपनसंख्या, पहिली एफ१, दुसरी एफ२). मराठी कानाला हे पटकन कळत नाही, दोन्ही इ सारख्याच वाटतात, पण प्राटच्या स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, फॉर्मंटचे लाल ठिपके वरखाली झालेले सरळ दिसतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मजा आली राव.

आता खरी गोम. फॉर्मंट सेटिंगमध्ये किती हर्ट्झपर्यंत शोधायचं याची वरची मर्यादा आधीच ५५०० हर्ट्झ टाकलेली असते, ती बाईच्या आवाजासाठी. पुरुषाला ५००० करायची. कारण साधं आहे, पुरुषाचा घशापासून ओठापर्यंतचा मार्ग साधारण साडेसतरा सेंटीमीटर, त्यात दर हजार हर्ट्झला एक असे पाच फॉर्मंट ५००० च्या आत बसतात, बाईचा मार्ग आखूड म्हणून सगळे वर सरकतात. हे न बदलता पुरुषाचं रेकॉर्डिंग घातलं तर उ आणि ओ मध्ये जवळजवळ असलेले पहिले दोन फॉर्मंट प्राट कधीकधी एकच धरून मोकळा होतो, आणि कुठं लाल बत्ती नाही की काही नाही, आकडा देतो तो दशांश स्थळांसकट!! मग समजा ट्रान्स-यालाचा बाप्या घेतला आणि साउथ न्यांझाची बाई घेतली, दोघांचा एफ१ शेजारी मांडला आणि म्हटलं बघा बोलीत फरक, तर तो बोलीतला फरक असेलच असं नाही, गळ्याच्या लांबीतलाही असू शकतो. आधी प्रत्येक माणसाचे सगळे स्वर त्याच्याच सरासरी आणि प्रमाण विचलनावर आणून मग ताडायचे, लोबानोव्हची पद्धत म्हणतात त्याला, आणि ते काम मी आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, प्राटमध्ये नाही. एका गावच्या एका माणसावरून तर बोलीवर शिक्का मारूच नका.

अजून एक कटकट. जिभेचं मूळ मागं असलेली इ आणि मूळ पुढं असलेला ए, हे दोन स्वर अशा भाषांत एफ१ एफ२ वर बऱ्याचदा एकमेकांच्या अंगावर येतात. तिथं नुसते फॉर्मंट पुरत नाहीत, एफ१ ची बँडविड्थ (म्हणजे तो किती पसरट आहे), आवाजाचा पोत असलं बघावं लागतं. प्राट ते पण काढून देतं म्हणा, पण मेनूत शोधताना जीव जातो. बाईचा आवाज बारीक असेल तर इ चा एफ१ हार्मोनिककडं (आवाजाच्या मूळ सुराच्या पटीतल्या सुराकडं) ओढला जातो, ते वेगळंच.

मदतीची पानं खूप आहेत, सगळी इंग्रजीत, आणि लिहिणारा तुम्हाला अर्धं येतंय असं धरून लिहितो. टेक्स्टग्रिड म्हणजे स्वर कुठं सुरू कुठं संपला याच्या खुणा, त्या वेगळ्या सेव्ह कराव्या लागतात, दर पाच मिनिटांनी करत जा, आमच्याकडं लाईटचा काय भरवसा. स्क्रिप्ट लिहिता आली तर शंभर फायलींचं काम एका क्लिकवर होतं, त्यासाठीच अर्धा स्टार जास्त.

साडेचार स्टार. सातारा-सांगलीकडची बोली मोजायची असेल तरी हेच घ्या, फक्त व्हॉट्सॲपवर आलेल्या दाबलेल्या क्लिपा घालू नका, वेव्ह फाईल पाहिजे, आणि रेकॉर्डिंग करताना पंखा बंद.