इन, ऑन, ॲट शिकवणारा ऑनलाइन कोर्स, घ्यावा का? नक्की घ्या!

प्रिपोझिशन, म्हणजे इन, ऑन, ॲटसारखे इंग्रजी शब्द, शिकवणारे ढीगभर कोर्स आहेत पण बहुतेकांचं तेच ते, लहान जागेला ॲट, मोठ्या जागेला इन, पाठ करा आणि पुढे चला. अहो पण एअरपोर्ट केवढा अवाढव्य तरी ॲट द एअरपोर्ट म्हणतात आणि खोकं एवढंसं असलं तरी इन द बॉक्स, मग तो नियम काय कामाचा? या कोर्सला चार स्टार देतेय ते याचसाठी, इथे साइजचं नावच काढत नाहीत. बोलणारा त्या जागेकडे कसं बघतोय ते आधी विचारतात. नुसतं एक ठिकाण म्हणून बघतोय तर ॲट, चारी बाजूंनी बंदिस्त जागेच्या आत असेल तर इन, कशाला तरी टेकलेलं असेल तर ऑन.

मला सगळ्यात भारी वाटला तो ओव्हर आणि अबव्हचा धडा, कारण मराठीत आपण सगळ्यालाच 'वर' म्हणून मोकळे होतो आणि मुलं नेमकी इथेच अडकतात. टेबलाच्या वर लटकणारा दिवा दाखवलाय, तिथे दोन्ही चालतात. मग तोच दिवा तसाच ठेवून खाली झोपलेल्या माणसावर पांघरूण येतं, की लगेच ओव्हरच, कारण ते झाकतंय. कुंपणावरून उडी मारली तरी ओव्हर, पलीकडे गेला ना. आणि तापमान शून्याच्या वर किंवा एखादं गाव समुद्रसपाटीपासून अमुक उंचीवर असेल तर अबव्ह, तिथे पातळी मोजतोय म्हणून. एवढं चित्रात बघितल्यावर वेगळं समजवायची गरजच पडत नाही!

ऑपोझिट आणि इन फ्रंट ऑफ पण छान घेतलंय, रस्त्यापलीकडचं घर ऑपोझिट, रांगेत आपल्या पुढे उभा असलेला माणूस इन फ्रंट ऑफ.

एक स्टार कापला तो बिटवीन आणि अमंगसाठी. दोघांत बिटवीन, जास्त असतील तर अमंग, हे इथेही तसंच ठोकून दिलंय आणि ते अर्धवट आहे. स्वित्झर्लंड हे फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या मध्ये आहे म्हणताना देश चार असले तरी बिटवीनच येतं, कारण एकेक वेगळा मोजतोय, गर्दीत किंवा झाडांत हरवलं तर अमंग. शिवाय क्विझमध्ये ॲट द स्टेशन आणि इन द स्टेशन दोन्ही बरोबर असताना एकावर लाल फुली येते, नवीन शिकणाऱ्याचा उगाच धीर सुटतो, हे खरंच बदलायला हवं.

मुलांना शिकवत असाल तर चित्रांचे धडे तरी बघाच, फळ्यावर खडूने काढता येतील इतके सोपे आहेत.