सांबा डोमेन कंट्रोलर: वीस-पंचवीस पीसींच्या ऑफिससाठी कसा आहे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं ऑफिस घ्या. अकाउंट्सला टॅली, डिझाइनला कॅड, स्टोअर्स आणि डिस्पॅचला एकेक-दोन पीसी. प्रत्येक मशीनवर वेगळा युजर, आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली. माणूस नोकरी सोडून गेला, तरी त्याचं खातं कुठे कुठे उघडं राहिलं हे कुणी सांगू शकत नाही. डिरेक्टरी सर्व्हिस म्हणजे या सगळ्यांची एकच नोंदवही. लॉगिनच्या वेळी प्रत्येक पीसी तिलाच विचारतो. ती सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर, आणि त्याला जोडलेले पीसी म्हणजे डोमेन.

अशी मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी) २००० साली आली. डिसेंबर २०१२ मधल्या सांबा ४.० या मोफत सॉफ्टवेअरपासून तेच काम लिनक्स मशीन करू लागलं. सर्व्हर लायसन्स नाही, कॅल म्हणजे माणशी घ्यायचं वापर-लायसन्सही नाही. युजर बनवणं, ग्रुप पॉलिसी (सगळ्या पीसींना एकदम लागू होणारे नियम) लावणं हे विंडोज प्रोवरच्या आरसॅट या मायक्रोसॉफ्टच्या साधनांमधून नेहमीसारखंच होतं. पीसी घेतानाच मात्र बघा: होम एडिशन डोमेनला जोडता येत नाही.

डेबियन या लिनक्सवर मांडणी तासाभरात होते. आधी स्टॅटिक (न बदलणारा) आयपी द्या, सांबाच्या सेटिंगची जुनी एसएमबी डॉट कॉन्फ फाइल हटवा, मग सांबा-टूल या आज्ञेने डोमेन प्रोव्हिजन (उभं) करा. डोमेनला डॉट लोकल नाव देऊ नका. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनखाली 'एडी' असं सबडोमेन घ्या, कारण हे नाव नंतर बदलणं फार जड जातं. उबंटू या लिनक्सवर सिस्टमडी-रिझॉल्व्ड ही सेवा सांबाला लागणारा ५३ नंबरचा पोर्ट अडवून बसतं, ते आधी बंद करा.

खरा त्रास डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. राउटरचा डीएचसीपी (पीसींना आपोआप आयपी देणारा भाग) डीएनएस म्हणून स्वतःचा किंवा गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता वाटत असतो, आणि पीसीला डोमेन सापडतच नाही. क्लायंटला (ऑफिसच्या पीसींना) डीएनएस म्हणून फक्त डोमेन कंट्रोलरचाच आयपी द्या, बाहेरचं तो फॉरवर्डरकडून, म्हणजे बाहेरच्या डीएनएसकडून, आणेल. 'सेकंडरी म्हणून असू दे' म्हणून ८.८.८.८ ठेवलात, तर एखाद्या सकाळी विंडोज त्याच्याकडे वळतं. मग लॉगिन रेंगाळतं आणि पॉलिसी लागत नाही. हे दुखणं शोधायला दिवस जातो.

दुसरी गोष्ट घड्याळ. लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉस या पद्धतीला सर्व्हर आणि पीसीच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. लाइट गेली, यूपीएस दमला आणि मदरबोर्डचा सीआर २०३२ सेल संपलेला असेल, तर पीसी जुन्या तारखेवर उठतो आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो. सर्व्हरवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम चालू ठेवा, सेल बदला.

सांबाची सर्वांत मोठी उणीव: पॉलिसीच्या फाइली असलेला सिस्वॉल फोल्डर दुसऱ्या कंट्रोलरवर आपोआप जात नाही. आरसिंक हे फाइली कॉपी करणारं साधन लावावं लागतं, तेही एकाच दिशेने. पासवर्डचे नियमही सहसा ग्रुप पॉलिसीतून नव्हे, सांबा-टूलमधून ठरवावे लागतात. तरीही दुसरा कंट्रोलर हवाच, साध्या जुन्या पीसीवर का होईना. बॅकअप सांबा-टूलच्याच आज्ञेने घ्या. दोन कंट्रोलर असताना एकाचा जुना व्हीएम (आभासी मशीन) स्नॅपशॉट परत आणू नका. दोघांच्या नोंदी जुळेनाशा होतात.

हाकेच्या अंतरावर लिनक्स जाणणारा माणूस असेल तर हे बेधडक घ्या. नसेल तर विंडोज सर्व्हरचे पैसे मोजा. आणि कुणी नोकरी सोडली की खातं डिसेबल करून थांबू नका, त्याचा पीसीही लगेच लॉग-ऑफ करा. आधी मिळालेलं कर्बेरॉस तिकीट (लॉगिनचा तात्पुरता परवाना) १० तासांपर्यंत चालू शकतं.