गुरुवारी जा, मंगळवारी जाऊ नका

पुण्यात मुंढव्याच्या बाजूच्या एका लाइव्ह म्युझिक पबमध्ये गेले आठ महिने जातोय. पुढे तक्रारी आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. सुरुवात झाली बँडमुळे. ऑफिसातला एक मित्र तिथे अधूनमधून बास गिटार वाजवतो. बिअरकडे लक्ष नंतर गेलं.

पहिली घेतली ती हेफेवायझन. गव्हाची, गढूळ, नाकाशी नेली की पिकलेल्या केळ्याचा वास आणि त्यामागे लवंगेचा. शेजारच्या टेबलावरचे काका वेटरला विचारत होते, "केळं घालता का रे यात?" नाही घालत. केळं आणि लवंग, दोन्ही यीस्टची करामत. दोन ग्लास कधी संपले कळलंच नाही.

पुढच्या मंगळवारी कौतुकाने धाकट्या भावाला घेऊन गेलो. बँड नव्हता, सगळी मिळून आठ-दहा डोकी. तोच टॅप, तीच बिअर, आणि पहिल्याच घोटाला व्हिनेगर. भाऊ म्हणाला, "हे प्यायला मला हडपसरहून आणलंस?"

मला वाटलं, बॅच बिघडली असेल. पण गुरुवारी पुन्हा फक्कड! हा लपंडाव दोन महिने चालला, मग एकदा बारटेंडरलाच विचारलं. तो आधी हसला. मग टॅप उघडून अर्धा-पाऊण ग्लास सरळ सिंकमध्ये ओतला आणि नंतरचा मला दिला. "दादा, आजचा पहिलाच ग्लास होता." केगपासून, म्हणजे बिअरच्या पिंपापासून, टॅपपर्यंतच्या पाइपात बिअर पडून राहते. पाइप स्वच्छ नसेल तर तिथे जिवाणू वाढतात, आणि मग आंबट चव येते, नाहीतर लोण्यासारखा वास. पाइप दर 2 आठवड्यांनी धुवायचे असतात. इथे किती दिवसांनी धुतात ते विचारलं, तर त्याने पुसायला दुसरा ग्लास घेतला.

म्हणजे इथली बिअर बँडच्या भरवशावर आहे. गुरुवारी गर्दी, केग भराभर रिकामे, पाइपात काही साचत नाही. फक्त त्या गर्दीत ग्लास घाईघाईत विसळतात. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले आणि फेस टेबलापर्यंत येतानाच मेला, की समजा ग्लास तेलकट आहे. बदलून मागा, कुरकुर न करता देतात.

स्टाउट, म्हणजे काळी बिअर, दोनदा घेतली, पाणचट. आयपीए (इंडिया पेल एल, बिअरचाच एक प्रकार) कडू आहे आणि ज्यांना कडू आवडते त्यांना आवडेल, मला नाही.

साउंडबद्दल: खांबामागचं टेबल घेऊ नका, तिथे नुसता ड्रम ऐकू येतो आणि गायिका तोंड हलवताना दिसते. साउंडवाल्याच्या मिक्सरजवळ बसा. बँड बाहेर अंगणात असला तर साडेसातलाच पोचा, कारण रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही आणि नेमका रंग भरतो तेव्हा बंद करतात. पावसाळ्यात सगळं आत असतं, तेव्हा घाई नाही.

मोठा ग्लास साडेचारशेच्या आसपास, वर टॅक्स. चकण्याला मसाला शेंगदाणे मागवा, नाचोज मऊ असतात. भाऊ मात्र अजून यायला तयार नाही. गुरुवारी चल म्हटलं, तर म्हणतो, आधी तू पिऊन फोन कर.