बाळंतपणानंतरच्या कळा: शंगह्वा काढा, मटणाचं सूप की साधी गोळी?

तैवान, सिंगापूर, मलेशियात बाळंत होणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना कुणीतरी मायेनं चिनी काढ्याचं पुडकं आणून देतं. ते घ्यावं का, आणि कोणतं घ्यावं, हे ठरवताना आधी कळ कशाची आहे ते बघा. गर्भपिशवी आकसून पूर्ववत होत असते, त्या या कळा. बाळ अंगावर पिताना ऑक्सिटोसिन हे गर्भपिशवी आकसवणारं संप्रेरक स्रवतं, म्हणून नेमकी तेव्हाच कळ जोरात येते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्रास जास्त होतो. बहुतेकींना दोन-तीन दिवसांत उतार पडतो.

शंगह्वा थांग हा यातला सर्वांत प्रसिद्ध काढा. तो सतराव्या शतकातले वैद्य फू शान (१६०७–१६८४) यांच्या नावानं ओळखला जातो. त्यात दांगग्वेइ आणि छ्वानश्योंग ही गाजराच्या कुळातली दोन मुळं, पीचच्या बियांतला गर, भाजून काळपट केलेलं आलं आणि ज्येष्ठमध असतो. यात दांगग्वेइच सर्वांत जास्त, जुन्या पाठात इतर सगळ्यांच्या बेरजेहूनही अधिक. थंडीनं रक्त साकळलं की दुखतं, असा चिनी वैद्यकाचा विचार. म्हणून ओटीपोट गार लागतं, शेकल्यावर बरं वाटतं आणि अंगावरून काळपट गाठी जातात, अशा बाईला हा काढा देतात. ताप असेल किंवा लालभडक रक्त जास्त जात असेल, तर त्यांचे वैद्यही तो देत नाहीत. रुग्णालयातून गर्भपिशवी आकसण्याची गोळी (मेथिलएर्गोमेट्रिन) चालू असेल तर त्यासोबत हा काढा नको. गोळी संपू द्या, मग वैद्याला विचारा. रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर दांगग्वेइ टाळाच. रक्तदाब वाढलेला असेल तर ज्येष्ठमधही अडचणीचा.

शीश्याओ सान हे चूर्ण चीनच्या सोंग राजघराण्याच्या काळापासून (दहावं ते तेरावं शतक) चालत आलेलं. पाणकणसाचे पराग आणि उडत्या खारीची वाळलेली विष्ठा, दोन्ही समभाग. साकळलेलं रक्त मोडणारं म्हणून त्याची ख्याती आहे, पण घरच्या घरी घेण्यासारखं हे औषध नाही. ओल्या बाळंतिणीनं तर मुळीच नाही.

मला मनापासून आवडतं ते दांगग्वेइ, ओलं आलं आणि मटण यांचं सूप. चीनच्या हान राजघराण्याच्या अखेरच्या काळातले (सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे) वैद्य चांग चोंगचिंग यांनी बाळंतिणीच्या पोटदुखीसाठी ते सांगितलं आहे. प्रमाण असं: मटण सोळा भाग, आलं पाच, दांगग्वेइ तीन. हे कळ ताबडतोब थांबवणारं औषध नव्हे. अशक्त, गारठलेल्या बाईला बळ देणारं जेवण आहे. घरी करताना मी दांगग्वेइ मूळ पाठापेक्षा बरंच कमी घालेन. रक्त पातळ करणाऱ्या औषधाची अट इथेही आहेच. शाकाहारी असाल तर याला पर्याय शोधत बसू नका, आल्याचा गरम काढा पुरे.

आता साधी गोळी. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित अभ्यास) या कळांवर आयबुप्रोफेनच्या गटातली वेदनाशामक औषधं निष्क्रिय गोळीपेक्षा आणि अफूजन्य औषधांपेक्षाही बहुधा जास्त गुणकारी ठरली. चिनी काढ्यांच्या मागे इतका भक्कम पुरावा नाही. आयबुप्रोफेन अंगावर पाजतानाही चालतं. मात्र पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

म्हणून कळ सोसवत नसेल तर गोळी घ्या आणि अंगात ताकद यावी म्हणून सूप. शंगह्वा हवाच असेल तर परवानाधारक वैद्याकडूनच, तोही प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना सांगून. सिझर झालं असेल तर जास्तच थांबा. घरून आलेलं दशमूलारिष्ट किंवा बाळंतकाढा चालू असेल, तर दोन्ही एकदम नकोत. त्रास झाला तर कशानं झाला हेच कळत नाही.

तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ३८ अंशांच्या वर ताप असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत असेल, किंवा कळ उतरण्याऐवजी वाढत असेल, तर काढा चुलीवर न ठेवता थेट रुग्णालय गाठा.