हवा, वीज की तेल? पाइपलाइनच्या व्हॉल्व्हला ॲक्च्युएटर निवडताना

ॲक्च्युएटर, म्हणजे व्हॉल्व्ह हाताऐवजी यंत्राने उघडझाप करणारं उपकरण, घ्यायचा ठरलं की चर्चा लगेच ‘हवेचा की विजेचा’ इथून सुरू होते. माझ्या मते ती एक पायरी आधी सुरू व्हायला हवी. हवा गेली, वीज गेली किंवा सिग्नलची वायर तुटली, तर हा व्हॉल्व्ह कुठे जाऊन थांबायला हवा? बंद, उघडा, की होता तिथेच?

भट्टीकडे जाणाऱ्या इंधनाचा व्हॉल्व्ह अशा वेळी बंद व्हायला हवा. रिॲक्टर थंड ठेवणाऱ्या पाण्याचा उघडायला हवा. लांब पल्ल्याच्या मुख्य वाहिनीवरचा व्हॉल्व्ह मात्र वायरीतल्या किरकोळ बिघाडाने मिटला तर सगळा प्रवाह अडतो आणि दाबाची लाट मागे धावते. तिथे बहुतेकदा ‘आहे तिथेच थांब’ हे उत्तर बरोबर ठरतं. हे उत्तर कागदावर लिहिल्याशिवाय कोटेशन मागवू नका. निम्मे पर्याय त्यातूनच गळून पडतात.

ॲक्च्युएटर मुळात लागतो का, हेही इथेच पाहून घ्या. वर्षातून एकदा देखभालीसाठी मिटायचा व्हॉल्व्ह असेल तर गिअरबॉक्स आणि हातचाक पुरेसं आहे. पण फुटलेली लाइन बाकीच्या वाहिनीपासून तोडायची जबाबदारी ज्या व्हॉल्व्हवर आहे, त्याचा हिशेब वेगळा. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो इथे ९ सप्टेंबर २०१० रोजी ३० इंची गॅसवाहिनी फुटली. फुटलेला भाग वेगळा करणारे व्हॉल्व्ह हाताने फिरवायचे होते. माणसं तिथवर पोचून गॅस थांबेपर्यंत सुमारे ९५ मिनिटं गेली आणि ८ जणांचा जीव गेला. दूरवरून चालणारे व्हॉल्व्ह असते तर तो वेळ बराच कमी झाला असता, असं चौकशीत पुढे आलं.

आधी व्हॉल्व्हचा स्वभाव

बॉल, बटरफ्लाय आणि प्लग हे पाव फेऱ्याचे व्हॉल्व्ह आहेत: ९० अंश फिरले की काम झालं. गेट आणि ग्लोब व्हॉल्व्हमध्ये स्टेम (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) सरळ वरखाली होतो, त्यासाठी आट्यांवर पुष्कळ फेरे लागतात. पिस्टन आणि रॅक-पिनियनचा (दातेरी पट्टी आणि दातचाकाचा) हवेवरचा ॲक्च्युएटर पहिल्या गटासाठीच जन्मल्यासारखा आहे. पुष्कळ फेऱ्यांसाठी मोटार आणि गिअर हीच स्वाभाविक जोडी. नियंत्रणासाठी वापरायचा ग्लोब याला अपवाद आहे, कारण त्याचा स्ट्रोक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची हालचाल) लहान असतो आणि डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) हवेवरचा ॲक्च्युएटर तो उत्तम हाताळतो.

टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कुठे लागतो हेही व्हॉल्व्हगणिक बदलतं. बॉल व्हॉल्व्हला सर्वात जास्त जोर लागतो तो सीटवरून (बंद असताना बॉल ज्या कड्यावर टेकतो त्यावरून) सुटताना. महिनोन्‌महिने न हललेला असेल तर हा जोर कॅटलॉगमधल्या आकड्याच्याही वर जाऊ शकतो. बटरफ्लायची डिस्क अर्ध्याहून बरीच उघडली, साधारण ७० ते ८० अंशांवर आली, की वाहता प्रवाह तिला ढकलू लागतो. मोठ्या व्यासात आणि जास्त वेगात हा ढकलण्याचा टॉर्क दुर्लक्षून चालत नाही. गेट व्हॉल्व्हची पाचर गरम असताना घट्ट मिटली आणि नंतर लाइन थंड झाली, तर ती बॉडीत आवळून बसते. उघडताना मोटारीची खरी परीक्षा होते.

हवेवर चालणारा

याची खरी ताकद स्प्रिंग आहे. हवा गेली की स्प्रिंग व्हॉल्व्हला ठरलेल्या जागी नेते. त्यासाठी बॅटरी किंवा दुसरा कुठलाही स्रोत लागत नाही. आपत्कालीन बंदसाठी यापेक्षा साधं आणि भरवशाचं काही मला माहीत नाही. वेग चांगला मिळतो, ठिणगीचा धोका ॲक्च्युएटरच्या पोटात नसतो (हवा सोडणारा-अडवणारा विजेचा छोटा व्हॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड आणि स्थिती कळवणारे लिमिट स्विच मात्र स्फोटरोधक घ्यावेच लागतात), आणि दिवसात हजारदा उघडझाप केली तरी तो तापत नाही.

या स्प्रिंगची किंमतही मोजावी लागते. हवेचा बराचसा जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो, म्हणून तितक्याच टॉर्कसाठी डबल ॲक्टिंगच्या (दोन्ही दिशांना हवेनेच चालणाऱ्या) साधारण दुप्पट आकाराचं शरीर घ्यावं लागतं. रॅक-पिनियनमध्ये स्प्रिंगचा टॉर्क सुरुवातीला जास्त आणि शेवटी सर्वात कमी असतो. स्प्रिंगने मिटणाऱ्या बॉल व्हॉल्व्हला नेमका त्या शेवटच्या टप्प्यात, सीटमध्ये शिरताना, जोर हवा असतो. म्हणून विक्रेत्याकडून एकच टॉर्क घेऊ नका. हवेची सुरुवात, हवेचा शेवट, स्प्रिंगची सुरुवात, स्प्रिंगचा शेवट असे चारही आकडे मागा. मोठ्या बॉल व्हॉल्व्हवर स्कॉच योक (खाचेच्या दांड्याने स्टेम फिरवणारी रचना) वापरतात तो याचसाठी; त्याच्या रचनेमुळे स्ट्रोकच्या दोन्ही टोकांना टॉर्क जास्त आणि मध्ये कमी मिळतो. तोच योक मोठ्या बटरफ्लायवर बसवताना मधली घट तपासून घ्या.

सर्वात जास्त फसगत हवेच्या दाबात होते. निवड ५.५ बारवर केली आणि लाइनच्या टोकाला प्रत्यक्षात ४ बारच पोचले, असं समजा. डबल ॲक्टिंगचा टॉर्क दाबाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी घटेल. स्प्रिंग रिटर्नमध्ये स्प्रिंग जर २.७५ बारचा जोर खात असेल, तर हवेच्या बाजूने उरतात २.७५ ऐवजी १.२५ बार. निम्म्याहून जास्त जोर गेला! कंप्रेसरच्या खोलीतल्या गेजवर विसंबू नका, व्हॉल्व्हपाशी येणारा किमान दाब धरा. आणि हवा कोरडी, स्वच्छ असू द्या. ओलसर हवा सोलेनॉइडच्या बारीक छिद्रांत गंज आणि थंडीत बर्फ घेऊन येते.

विजेवर चालणारा

जिथे हवेची लाइनच नाही तिथे एका व्हॉल्व्हसाठी कंप्रेसर, ड्रायर, टाकी आणि पाइप उभारण्यापेक्षा एक केबल ओढणं केव्हाही बरं. गेट व्हॉल्व्हसाठी आणि दूरच्या स्टेशनांसाठी मी विजेचाच आग्रह धरीन. वर्म गिअर स्वतःच अडकून राहणारा असेल तर वीज गेल्यावर व्हॉल्व्ह जागच्या जागी थांबतो, पुन्हा सीटवर दाबून ठेवायला ऊर्जा लागत नाही. मधल्या स्थितीत नेमकं थांबवता येतं, आणि स्थिती, टॉर्क, बिघाड ही सगळी माहिती नियंत्रण कक्षात मिळते. प्रत्येक स्ट्रोकचा टॉर्क नोंदवणारे ॲक्च्युएटर तर व्हॉल्व्ह जड होत चालल्याची चाहूल आधीच देतात.

अडचण उलट बाजूला आहे. वीज गेल्यावर ठरलेल्या जागी जायचं असेल तर बॅटरी, सुपरकॅपॅसिटर किंवा स्प्रिंगची वेगळी रचना हवी. मोठ्या आकारात हे महाग आणि गुंतागुंतीचं होतं. वेगही मर्यादित असतो. गेट व्हॉल्व्हचा स्टेम मिनिटाला ३०० मिमीच्या आसपास सरकतो, असा एक रूढ अंदाज आहे. मोटारीचा ड्यूटी प्रकार नीट वाचा. उघडझापीची मोटार सहसा एस-२, १५ मिनिटं (म्हणजे तेवढंच सलग चालून मग थंड होणारी) अशी असते. तिला दिवसभर बारीक हालचाली करायला लावल्या तर ती तापून बंद पडते. नियंत्रणासाठी एस-४ प्रकारातली, तासाला शेकडो वेळा सुरू होऊ शकणारी मोटार मागा. आतला छोटा हीटरही जोडायला विसरू नका. बाहेर उभ्या असलेल्या बंद डब्यात रात्री ओल साचते आणि इलेक्ट्रॉनिक्स गिळते.

तेलाच्या दाबावर चालणारा

६ बार हवेत १०० चौरस सेंटीमीटरचा पिस्टन ६,००० न्यूटन जोर देतो. १२० बार तेलात तेवढ्याच जोरासाठी ५ चौरस सेंटीमीटर पुरतात. म्हणून प्रचंड टॉर्क आणि कमी जागा, अशी गाठ पडली की हायड्रॉलिकला पर्याय उरत नाही. ॲक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी टाकी) असेल तर वीज गेल्यावरही काही स्ट्रोक मिळतात. बदल्यात पंप, फिल्टर, सील आणि गळतीची रोजची काळजी घ्यावी लागते. गॅसवाहिनीवर त्याच गॅसच्या दाबाने तेल ढकलणारे ॲक्च्युएटर फार वापरले गेले, कारण वीज नसलेल्या जागी ऊर्जा पाइपातच हजर असते. पण जुन्या रचनेत दर स्ट्रोकला मिथेन हवेत सुटतो. नव्या कामात मी आधी स्वयंपूर्ण इलेक्ट्रो-हायड्रॉलिक युनिट तपासून पाहीन.

आकार आणि वेग

व्हॉल्व्हच्या कमाल टॉर्कवर २५ ते ३० टक्के वाढीव धरण्याची रीत आहे. चिकट, घन कण असलेल्या किंवा क्वचित हलणाऱ्या सेवेत मी आणखी धरीन. पण वरची मर्यादाही असते. स्टेम किती टॉर्क सहन करेल तो आकडा व्हॉल्व्हवाल्याकडून घ्या आणि ॲक्च्युएटरचा कमाल टॉर्क, म्हणजे हवा पूर्ण दाबाने आली तेव्हाचा, त्याच्या खाली ठेवा. ‘मोठाच घेऊ या’ म्हणून स्टेम पिळला गेला तर बाहेरचा निर्देशक ‘बंद’ दाखवेल आणि बॉल आत उघडाच राहील. जोडणी आयएसओ ५२११ च्या फ्लँजने होते (एफ०७ म्हणजे ७० मिमी बोल्ट-वर्तुळ, एफ१० म्हणजे १०२). पण फ्लँज जुळली म्हणजे टॉर्क जुळला, असं समजू नका.

जलद बंद होणं हा नेहमीच गुण नसतो. पोलादी पाइपात पाण्यातली दाबलाट सेकंदाला साधारण १,००० ते १,२०० मीटर धावते. एक मीटर प्रति सेकंद वेगाचा प्रवाह एकदम थांबवला तर दाब १० ते १२ बारने उसळतो. ६ किलोमीटरच्या लाइनवर ही लाट जाऊन यायला सुमारे १० सेकंद घेते. त्याहून कमी वेळात मिटणारा व्हॉल्व्ह ‘अचानक’ मिटल्यासारखाच. त्यातही बॉल आणि बटरफ्लायमध्ये लांब लाइनवरचा प्रवाह बहुतेक स्ट्रोकभर फारसा घटत नाही, शेवटच्या थोड्या अंशांतच तुटतो. म्हणजे कागदावरचे १५ सेकंद प्रत्यक्षात तीन-चारच असू शकतात. हवेच्या ॲक्च्युएटरवर स्पीड कंट्रोलर बसवता येतो, पण वेग एकसारखा राखण्यात मोटार आणि तेल दोन्ही सरस.

शेवटची बाब स्वस्त आहे, तरी तीच सर्वात जास्त वेळा वगळली जाते. लिमिट स्विच स्टेमवरून स्थिती वाचणारा हवा, आदेशावरून नव्हे. २८ मार्च १९७९ ला थ्री माइल आयलंडच्या अणुऊर्जा केंद्रात दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पॅनेलवरचा दिवा सोलेनॉइडची वीज बंद झाल्याचं सांगत होता आणि चालकांनी त्याचा अर्थ व्हॉल्व्ह मिटला असा घेतला. दोन तासांहून अधिक काळ शीतक बाहेर जात राहिलं. ऑर्डरवर स्पष्ट लिहा: ‘उघडा’ आणि ‘बंद’ यांचे दोन वेगळे स्विच, दोन्ही स्टेमवरून चालणारे. कामाच्या जागी चाचणी घेताना एकदा हवा आणि वीज तोडून व्हॉल्व्ह कुठे जातो ते स्वतः उभं राहून पाहा.