हाड जुळवण्याचं अल्ट्रासाउंड यंत्र: कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये

हाड नुकतंच मोडलं असेल, तर या यंत्रावर पैसे घालू नका. महिनोन्‌महिने जुळतच नसलेल्या हाडासाठी, तेही निवडक रुग्णांमध्येच, त्याचा विचार करायला हरकत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. फिजिओथेरपीत आखडलेल्या स्नायूंवर फिरवतात ते अल्ट्रासाउंड वेगळं. त्याची तीव्रता साधारण ०.५ ते २ वॉट प्रति चौरस सेंटीमीटर असते आणि त्याने ऊतींमध्ये उष्णता निर्माण होते. हाडासाठीचं यंत्र, ज्यात ‘एक्सोजेन’ हे सर्वांत परिचित नाव, फक्त ३० मिलिवॉट प्रति चौरस सेंटीमीटर एवढ्या क्षीण लहरी सोडतं. वारंवारता १.५ मेगाहर्ट्झ, लहरी सलग नाहीत तर तुटक, रोज २० मिनिटं. शेक लागत नाही, काही जाणवतही नाही. या सूक्ष्म कंपनांनी पेशी चेतवल्या जातात, हे प्रयोगशाळेत दिसतं. त्याने माणूस लवकर चालायला लागतो का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

वापर सोपा, पण चुकायला जागा भरपूर. एक्स-रे पाहून मोडलेली जागा त्वचेवर नेमकी खूण करून घ्यावी लागते. अंदाजाने लावलं की लहरी भलतीकडेच जातात. ट्रान्सड्यूसर (यंत्राचा लहरी सोडणारा भाग) आणि त्वचा यांच्यामध्ये पुरेसं जेल हवं, कारण हवेची फट राहिली तर जवळजवळ सगळ्या लहरी तिथूनच परततात. प्लास्टरवरून उपयोग नाही, त्याला खिडकी कापून घ्यावी लागते. दर वेळी वापर झाला की खिडकीत फेल्टचा तुकडा परत बसवा, नाहीतर तेवढ्याच जागी त्वचा सुजून वर येते. हाडाच्या पोकळीत रॉड असेल तर अडचण नाही, प्लेट असेल तर प्लेट नसलेल्या बाजूने लावावं. नडगीचं हाड कातडीलगत असल्याने सोयीचं. मांडीचं हाड जाड स्नायूंखाली असल्याने तिथवर लहरींचा जोर कमी होतो.

आता पुरावा. १९९४ साली नडगीच्या फ्रॅक्चरवरचा एक अभ्यास आला. प्लास्टरमधल्या रुग्णांत हाड जुळायला यंत्राने ९६ दिवस, लहरी न सोडणाऱ्या बनावट यंत्राने १५४ दिवस लागले. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने यंत्राला मान्यता दिली. १९९७ मध्ये मनगटाच्या फ्रॅक्चरमध्येही ९८ ऐवजी ६१ दिवस असा निकाल आला. आकडे मोहात पाडणारे आहेत, पण दोन्ही अभ्यास लहान होते आणि भर मुख्यतः एक्स-रेवर होता.

२०१६ मध्ये ‘ट्रस्ट’ चाचणीचे निष्कर्ष आले: ५०१ रुग्ण, नडगीत रॉड बसवलेला, निम्म्यांना खरं यंत्र, निम्म्यांना बनावट. रुग्णांच्या हालचालीत फरक नाही, एक्स-रेवर हाड जुळण्यातही नाही. खर्चाचा काही वाटा यंत्र विकणाऱ्या कंपनीनेच उचलला होता, म्हणून हा निकाल अधिकच वजनदार वाटतो. बऱ्याच जणांनी यंत्र नेमाने वापरलं नाही, असा आक्षेप घेतला जातो. पण घरोघरी वापर तसाच होणार ना? २०१७ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने ताज्या फ्रॅक्चरसाठी हे वापरू नये अशी ठाम शिफारस केली, आणि उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०१८ मध्ये न जुळण्याचा धोका कमी असलेल्या ताज्या फ्रॅक्चरसाठी नकारच दिला.

न जुळलेल्या हाडाचं चित्र धूसर आहे. तिथे यशाचे मोठमोठे टक्के सांगितले जातात, पण त्यांतल्या बहुतेक आकड्यांना तुलनेसाठी दुसरा गटच नाही. दुसरी शस्त्रक्रिया जोखमीची असेल, हाड हलत नसेल आणि टोकांमधलं अंतर अगदी थोडं असेल, तर प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. हाड डगमगत असेल, टोकांमध्ये मोठी फट असेल किंवा आत जंतुसंसर्ग असेल, तर हे यंत्र काही करू शकत नाही. उलट नीट स्थिर करण्याची किंवा संसर्ग काढण्याची वेळ हातातून जाते. तंबाखू चालूच असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, तर आधी तिकडे बघा.

वापरायचं ठरलंच, तर सुरुवातीला एक्स-रे काढून ठेवा आणि पुढचे त्याच कोनांतून काढा, म्हणजे तुलना करता येते. तीन-चार महिन्यांत नवं हाड पुढे सरकताना दिसलं नाही, तर यंत्र बंद करून शस्त्रक्रियेविषयी डॉक्टरांशी बोला.