थायरॉइडची गोळी बंद करायला सांगणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे 18,500 रुपये गेले, याचं वाईट वाटतंच. पण त्या लोकांनी त्यांची रोजची थायरॉइडची गोळी बंद करायला लावली, त्याचा संताप जास्त आहे. बेळगावात, खानापुरात, निपाणीत आपल्या ओळखीच्या कितीतरी बायका ही गोळी घेतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

शहापुरातल्या एका मंगल कार्यालयात ‘मोफत मेटाबॉलिक हार्मोन शिबिर’ होतं. निरोप महिला मंडळातूनच आला होता, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. अनवाणी वजनकाट्यावर उभं केलं, दोन्ही हातांत दांडी दिली आणि स्क्रीनवर आकडा आला: मेटाबॉलिक वय 61. जाऊबाई 46 च्या. समोरची बाई अगदी मायेनं म्हणाली, “अक्का, तुमचा थायरॉइड बिघडलेलाच नाही. बिघडलंय ते लेप्टिन आणि घ्रेलिन. ते सरळ झालं की गोळी आपोआप सुटते.” मग रक्त घेतलं, त्याचे पैसे वेगळे. चार दिवसांनी रिपोर्ट आला, लेप्टिन लाल अक्षरात ‘हाय’.

ही दोन्ही हार्मोन्स खरी आहेत. लेप्टिनचा शोध 1994 मध्ये लागला, ते शरीरातल्या चरबीत तयार होतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं. घ्रेलिन 1999 मधलं, ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि भूक लावतं. थायरॉइडच्या रुग्णांमध्ये त्यांचं काय होतं यावर संशोधनही झालंय, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मुख्य म्हणजे चरबी जितकी जास्त तितकं लेप्टिन जास्त. त्यामुळे अंगानं भरलेल्या बहुतेक कुठल्याही बाईचं लेप्टिन काढलं तर ते वरच येणार. त्या आकड्यावरून थायरॉइडच्या गोळीचा डोस ठरत नाही, आणि गोळी बंद तर मुळीच करत नाहीत. ती तपासणी अशी निवडलेली होती की जवळजवळ प्रत्येक बाई तिच्यात नापास व्हावी.

जाऊबाईंना 3 महिन्यांचा कोर्स दिला: सकाळी पावडर, दोन वेळा ‘केस आणि हार्मोन’ कॅप्सूल, आणि गोळी बंद. पहिले आठ-दहा दिवस काहीच त्रास झाला नाही, उलट त्यांना वाटलं आपण सुटलो. इथंच माणूस फसतं. या गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, शरीरातून फार हळू उतरतं, निम्मं व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात. गोळी सोडल्याचा परिणाम पुढच्या काही आठवड्यांत दिसायला लागतो.

महिन्यानं त्याच लोकांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी (थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो) करायला सांगितलं आणि बजावलं, “सकाळची कॅप्सूल चुकवू नका, घेऊनच जा.” टीएसएच 3.1 आला, एकदम नॉर्मल. तो रिपोर्ट त्यांनी पुढच्या शिबिरात भिंतीवर लावला म्हणे. इकडे जाऊबाईंचा चेहरा सुजायला लागला होता, आवाज घोगरा झाला होता, भर उन्हात स्वेटर लागायचा. दुपारी भाजी निवडता निवडता त्या बसल्या जागी झोपायच्या. रिपोर्ट चांगला आहे म्हटल्यावर घरात आम्ही सगळे दुसरीच कारणं शोधत होतो.

शेवटी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि कॅप्सूलचा डबा मागितला. लेबलावर बारीक अक्षरात होतं: बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) 10 मिलिग्रॅम. रोजची गरज असते 30 ते 40 मायक्रोग्रॅम, म्हणजे एकाच कॅप्सूलमध्ये किमान 250 पट. पुष्कळ लॅबच्या यंत्रांत टीएसएच मोजण्याच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात बायोटिन जास्त झालं की अशी यंत्रं चुकतात, टीएसएच असतो त्यापेक्षा कमी आणि टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन जास्त दाखवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्येच याबद्दल इशारा दिला होता. कॅप्सूल बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, तेव्हा टीएसएच 68 निघाला. साधारण 0.4 ते 4 हवा.

आता गोळी पुन्हा सुरू आहे. पहाटे रिकाम्या पोटी, चहा-नाश्ता अर्धा-एक तासानं, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या 4 तास लांब. डोस बरोबर बसला की नाही हे 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच करूनच कळतं, त्याआधी घाई करून उपयोग नाही. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती आधी कुणी सांगितली असती तर जाऊबाई त्या शिबिराला गेल्याच नसत्या: थायरॉइड कमी असल्यामुळे वाढणारं वजन सहसा थोडंच असतं, आणि त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा आणि मिठाचा. बाकीच्या वजनाचा दोष थायरॉइडला देऊन कुणी काही विकत असेल तर उठून घरी यावं.

डब्यावर 14 आकडी नंबर होता, तो दाखवून “सरकारमान्य आहे” असं सांगितलं होतं. तो खाद्यपदार्थाचा परवाना. रोग बरा करण्याची परवानगी त्यात नसते. लठ्ठपणा घालवणारं औषध म्हणून जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्यानंच मनाई आहे. आम्ही पावती, डबा, पत्रक आणि दोन्ही रिपोर्ट जपून ठेवलेत आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत 2 वर्षांची आहे. सुरुवातीची विचारपूस 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर होते. पावतीवर नुसतं ‘वेलनेस प्रोग्रॅम’ लिहिलेलं असलं तरी फेकू नका.

शिबिराला आलेल्या ओळखीच्या बायकांना आम्ही फोन करतोय. एकीची सून तिसऱ्या महिन्यात आहे, आणि तिलाही तोच डबा देऊन गोळी सोडायला सांगितलेलं. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतं. तिला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं. तुमच्या ओळखीतलं कुणी अशा शिबिराला गेलं असेल, तर गोळी चालू आहे का एवढं आजच विचारा. पैशाचं मागाहून बघता येईल.